झाकण लागलं की बोट सुटते

माझ्या सख्ख्या मामाने स्वतःच्या बायकोला एका बेटावर विसरून बोट पुढे नेली. हे मी ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो, मग म्हणतो, "काहीतरीच काय!" मी स्वतः त्या बोटीवर होते, त्यामुळे मला काहीतरीच म्हणता येत नाही. मी दाताच्या डॉक्टरांकडे पेशंटना नंबर देते. तिथे टेबलाशी बसल्या बसल्या तो दिवस आठवला की अजून माझं तोंड वाकडं होतं, आणि समोरच्या पेशंटला वाटतं, ते त्याच्या दाढेकडे बघूनच झालं.

आधी मामी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हीही हसाल आणि मला राग येईल.

मामी समुद्रापासून खूप लांबच्या, कोरड्या गावातली. तिच्या वडिलांचं चपलांचं दुकान होतं. खोक्यांच्या भिंती, मध्ये बुटकं स्टूल आणि पायाचं माप घ्यायची लाकडी पट्टी. त्या स्टुलावर बसूनच ती मोठी झाली. लग्न होऊन आली ती थेट धक्क्यामागच्या गल्लीत. दारातून पाऊल बाहेर टाकलं की टोप्या, गॉगल आणि पोहायचे कपडे टांगलेली दुकानं, आणि गल्ली संपली की समुद्र. मामीला पोहता येत नाही. पाण्याची तिने अशी धास्ती घेतलेली की आंघोळीला बादलीसुद्धा अर्धीच भरते, अशी मामा तिची चेष्टा करतो. तरी वर्षानुवर्षं ती रोज सकाळी त्याच्या बोटीवर चढते, कारण त्याला हाताखाली माणूस लागतं आणि खालचा इंजिनवाला सोडला तर बाहेरचं माणूस त्याच्याकडे टिकत नाही. का टिकत नाही हे विचारायची गरज नाही. मामा नाकावर माशी बसू देत नाही.

मामाची बोट पर्यटकांना बेटं दाखवते. सकाळी धक्क्यावरून निघायचं, आधी पांढऱ्या वाळूचा किनारा, मग कड्यांच्या पोटातलं तळं, मग लांबचा माडांचा किनारा, आणि ऊन उतरलं की परत. बोट लाकडी आहे आणि तिच्या डेकला मामा स्वतःच्या हाताने व्हार्निश लावतो. त्या डेकवर कुणी चप्पल घालून पाय ठेवला, तर तो मामाच्या छातीवर ठेवल्यासारखा त्याला लागतो. म्हणून शिडीपाशीच एक मोठी झाकणाची वेताची टोपली आहे. वर चढलात की चपला टोपलीत. बेट आलं की आपापल्या उचला, घाला, उतरा. परत आलात की पुन्हा टोपलीत. ही टोपली मामीची.

प्रवासी मोजायला मामाने पूर्वी काय काय करून पाहिलं. डोकी मोजायची म्हटलं तर लोक एका जागी बसत नाहीत. एक फोटो काढायला पुढे जातो, दुसरा मागे जाऊन ओकत असतो. शेवटी मामी म्हणाली, "माणसं सोडा, मी चपला बघते." आणि त्या दिवसापासून तिने चपलाच बघितल्या. कुणाची टाच आतल्या बाजूने झिजली आहे, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणी नवऱ्याचीच घालून आली आहे, सगळं तिच्या डोक्यात. "निळ्या पट्टीची बाई अजून यायचीय," ती म्हणायची, "आणि तो रबरी बूटवाला. त्याला सांगा, घाई कर." चेहरा दाखवला असता तर तिला ओळखू आला नसता, पण पाय दाखवा, तुमचा सगळा प्रवास सांगेल. त्यात तिची चूक कधी झाली नाही, आणि याचा तिला केवढा अभिमान! घरी भाजी निवडतानासुद्धा सांगायची, "आपल्या बोटीने आजवर माणूस मागे ठेवलं नाही हं."

सगळ्या जोड्या आल्या की मामी टोपलीचं झाकण लावायची. झाकणाला तिने पांढरा रंग दिला होता. मामा पुढे उंचावर सुकाणूशी बसतो, त्याची पाठ सगळ्यांकडे. त्याच्या डोक्याशी ट्रकचा एक जुना आरसा ठोकलेला आहे आणि तो अशा कोनात वळवलेला की त्यात फक्त टोपली दिसावी. आरशात पांढरं दिसलं की मामा इंजिन सुरू करायला सांगायचा. मामी हाक मारत नसे, तो विचारत नसे. झाकण लागलं की बोट सुटते, हा नियम. बघणाऱ्याला वाटायचं, काय छान जमलंय या दोघांचं. मलाही तसंच वाटायचं.

आणि मामीच्या स्वतःच्या चपला? त्या तपकिरी, साध्या, दोन पट्ट्यांच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी ती टोपलीच्या तळाशी टाकायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर काढायची. मधे लागायच्याच नाहीत, कारण ती कुठल्याच बेटावर उतरत नसे. पाण्याची भीती, शिवाय लोकांच्या पिशव्या आणि मोबाईल सांभाळायला कुणीतरी हवं. एकदा मी विचारलं होतं, "मामी, आतलं तळं कसं आहे गं?" ती अननस सोलत होती. म्हणाली, "हिरवंगार आहे म्हणे." रोज त्याच्या दारात नांगर टाकून बसणारी बाई 'म्हणे' म्हणते, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

त्या दिवशी मी सुट्टीला आले होते म्हणून बोटीवर होते. प्रवाशांमध्ये एक आजी होत्या, त्यांची मुलगी होती आणि जावई. जावई म्हणजे हौशी गृहस्थ. प्रत्येक ठिकाणी पुढे पुढे. दोर दिसला की ओढणार, शिडी दिसली की धरणार. मामा दातओठ खात होता, पण गिऱ्हाईक म्हणून गप्प.

तळ्याशी आलो. हे तळं कसं आहे ते सांगायला हवं. चारी बाजूंनी उंच काळे कडे आणि त्यांच्या मधोमध समुद्राचं पाणी. आत जायला कड्याच्या पायथ्याशी एक भगदाड आहे. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यातून चालत आत जाता येतं, आत अर्धगोल वाळूही उघडी पडते. भरती आली की ती वाळू पाण्याखाली जाते आणि भगदाडही वरपर्यंत भरतं. मग ओहोटी लागेपर्यंत आतला आत आणि बाहेरचा बाहेर. वाटेत पोवळ्याचे दगड असे धारदार की चप्पल नसेल तर पायाची चाळण होते.

मी सगळ्यांच्या आधी उडी टाकून पोहत आत गेले, फिरले आणि सगळ्यांच्या आधी परत येऊन बोटीच्या टोकाला केस वाळवत पडले. मामा नेहमीसारखा तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. इंजिनवाला खाली त्याच्या भोकात. मधल्या वेळात काय घडलं ते मला नंतर आजींकडून कळलं. सगळे उतरले तरी आजी शिडीशीच अडल्या होत्या. गुडघे दुखत होते, पाण्याकडे बघून शिडी सोडवत नव्हती. मुलगी हाका मारून थकली आणि पुढे गेली. तेव्हा आजी मामीला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर, तर मी उतरते. मला परत कुठलं यायला मिळणार इथे?"

मामीने काय विचार केला असेल? मला वाटतं, काहीच नाही. विचार केला असता तर उतरली नसती. समोर एक बाई घाबरली होती, हिने हात दिला आणि दोघी उतरल्या. आजींच्या पायात चपला होत्या. मामीच्या मात्र टोपलीच्या तळाशी.

आत गेल्यावर आजींची मुलगी आली आणि तिने आईचा हात धरला. मामीला म्हणाली, "तुम्हीही बघा की जरा." आणि मामी बघायला गेली. वाळूच्या टोकाला कडा वळतो, त्याच्या पलीकडे. आजी म्हणाल्या, "तोंड उघडं टाकून वर बघत चालली होती गं ती. लहान मुलीसारखी."

तास दीड तासाने लोक परतले. चपला टोपलीत पडू लागल्या. तशी सवय सगळ्यांना सकाळपासून लागली होतीच, मामी तिथे उभी नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या जोड्या आल्या. टोपलीचं झाकण उघडंच राहिलेलं जावईबापूंना दिसलं. त्यांनी मदत म्हणून ते लावून टाकलं.

मामाने टोपी बाजूला केली, आरशात बघितलं, पांढरं दिसलं. नांगर वर आला. बोट सुटली.

मी डोळे मिटून पडले होते. वारा छान लागत होता. कुणीतरी गाणं लावलं होतं. माडांचा किनारा जवळ येऊ लागला तसा जावईबापूंनी आवाज दिला, "काय हो, अननस मिळणार होता ना? तिकिटात आहे म्हणाले."

अननस काही आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "त्या बाई कुठे आहेत?"

मामा मागे न वळता म्हणाला, "असेल तिथेच. अगं, ए! अननस दे त्यांना."

मी उठून बसले. शिडीपाशी मामीचा पाट होता, त्यावर कुणी नव्हतं. पाटाशेजारी फळांची पेटी, सुरी आणि अर्धवट सोललेला अननस. मी खाली इंजिनवाल्याला विचारलं. मागे संडासाचं दार ठोठावलं. दार आपोआप उघडलं. एवढीशी बोट, त्यात माणूस शोधायचं म्हणजे शोधणार तरी कुठे? मी मामाकडे धावले.

तोवर आजीच बोलल्या. "ती माझ्याबरोबर उतरली होती की. तुम्ही तिला घेतलं नाही का?"

मामा म्हणाला, "ती उतरत नाही."

"अहो, उतरली होती! माझा हात धरून!"

"ती कधी उतरत नाही," मामा पुन्हा म्हणाला, जणू आजीच खोटं बोलत होत्या. मग तो खाली आला. त्याने टोपलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांच्या चपला डेकवर ओतल्या. त्याच्या त्या जीव की प्राण डेकवर. सगळ्यांत शेवटी तपकिरी जोडी पडली. ती बघून मला आधी वेड्यासारखा धीर आला, चपला आहेत म्हणजे मामी आहे. पुढच्याच क्षणी कळलं, चपला इथे आहेत म्हणजे मामी तिथे अनवाणी आहे. मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने समुद्राकडे बघितलं, आणि मला कळलं, तो भरती बघतोय.

बोट वळवताना सुकाणू त्याच्या हातांतून निसटलं. ज्या हातांनी वादळात बोट आणलेली मी पाहिली आहे, त्या हातांतून. इंजिनवाला ओरडत होता की एवढं ताणलं तर इंजिन बसेल. मामा म्हणाला, "बसू दे."

अशा वेळी जावईबापू काय म्हणाले असतील? "पण मग आमचा शेवटचा किनारा राहिला, त्याचं काय?" मी त्यांच्या अंगावर धावूनच जाणार होते. तोंडात असं काही आलं होतं की ते दवाखान्यातल्या कुणी ऐकलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण माझ्याआधी आजी म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका." आणि ते खरंच बोलले नाहीत. मला त्यांच्या मदतीचा असा संताप आला होता की काय सांगू. मग वाटलं, त्यांनी झाकण लावलं हे खरं, पण झाकणाकडे बघून निघालं कोण?

तळ्याशी पोचलो तेव्हा भगदाडाचा वरचा भाग तेवढा उघडा होता. पाणी आत घुसत होतं, बाहेर फेकलं जात होतं. मामाने कमरेला दोर बांधला, हातात बुडणाऱ्याला धरायचं फुगवलेलं कडं घेतलं आणि उडी टाकली. मीही टाकली. नाकातोंडात पाणी जात, डोकं छताला घासत आम्ही आत गेलो.

आत वाळू नव्हती. नुसतं काळपट हिरवं पाणी आणि भोवती कडे. एवढी शांतता की माझा श्वास मलाच मोठा वाटत होता. वाळू होती तिथे माझे पाय टेकेनात. जिला पोहता येत नाही तिचं काय झालं असेल, हे मनात आलं आणि मला हुंदकाच फुटला.

"अगं!" मामा ओरडला. कड्यांनी ते "अगं" त्याच्याकडे परत पाठवलं. "अगं ए! कुठे आहेस? ए, ऐकलंस का?"

काही नाही. पाण्याचा आवाज.

मामाने अजून दोनदा तसंच ओरडून पाहिलं. मग त्याचा आवाज फाटला, आणि त्याने मामीला नावाने हाक मारली. तिचं नाव मला माहीत होतं, पण मामाच्या तोंडून ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. लग्नाच्या फोटोमागे लिहिलेलं तेवढं वाचलं होतं. ते नाव साऱ्या कड्यांवरून फिरलं.

"इथे आहे," वरून आवाज आला.

ती कड्याच्या वळणावर, पाण्याच्या बऱ्यापैकी वर, एका अरुंद कपारीत पाठ टेकून बसली होती. डोक्याचा रुमाल सोडून तिने पायाला गुंडाळला होता आणि तो रक्ताने भिजला होता. तळवा फाटला म्हणून ती वळणापलीकडे बसली, तेवढ्यात बोट गेली. इंजिनच्या आवाजात तिचं ओरडणं कुणाला जाणार! पाणी चढायला लागलं तशी ती त्या तसल्या पायाने दगडाला धरधरून वर चढली होती.

माझ्या जिवात जीव आला. मी रडत रडतच ओरडले, "मामी, ओ का दिली नाहीस गं? ऐकू आलं नाही?"

"पहिल्या हाकेलाच ऐकू आलं," ती म्हणाली. मग मामाकडे बघून म्हणाली, "बघत होते, कुणाला बोलावताय ते."

मला पाण्यात गार वाटत होतंच, ते आणखी गार झालं. मामाने हातातलं फुगवलेलं कडं तिच्या दिशेने पुढे केलं. पाणी चढत होतं, भगदाड भरत होतं, आणि ही बाई खाली उतरायला तयार नव्हती. तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"आधी खाली ये. कडं धर. मी आहे ना."

"कधी कळलं?"

मामाला थाप मारता आली असती. लगेच कळलं, वळणावर कळलं, काहीही. मी मनात म्हणत होते, मामा, मार रे बाबा थाप. पण त्याला तीही सुचली नाही.

"अननस मागितला तेव्हा," तो म्हणाला.

मामीने मान हलवली. तिला हे आधीच ठाऊक असावं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं असावं, तशी. मग तिने डोळे मिटले आणि कपारीतून पाण्यात अंग सोडलं. मामाने तिला त्या फुगवलेल्या कड्यात धरलं. इंजिनवाल्याने बाहेरून दोर ओढला. भगदाडातून येताना पाणी थेट छताला लागलं होतं, श्वास रोखून बाहेर पडावं लागलं. मामीच्या नखांच्या खुणा मामाच्या दंडावर कितीतरी दिवस होत्या.

ती शिडीवरून वर आली तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले. आजी तिच्या गळ्यात पडून रडल्या. मामीने कुणाकडे लक्ष दिलं नाही. डेकवर सगळ्या चपला तशाच पसरलेल्या होत्या. तिने त्यातून आपली तपकिरी जोडी शोधली, रक्ताळलेल्या पायात घातली आणि तशीच, चपला घालून, व्हार्निशच्या डेकवरून फटक फटक चालत पुढे सुकाणूपर्यंत गेली. तिथे मामाच्या जागेवर बसली. मामा आपल्या डेककडे बघत होता. लाल पावलं उमटली होती. त्याने ती पुसली नाहीत.

घरी गेल्यावर मला वाटलं होतं, आता ही बोटीचं नाव काढणार नाही. मीही तिला तसंच म्हणाले, बस झालं हे, माझ्याकडे चल. माझा राग गेलाच नव्हता, मामावर, जावईबापूंवर, सगळ्यांवरच. मामी तळव्याला मलम लावत म्हणाली, "कशाला? आत्ता कुठे एक बेट बघितलंय. तेही अर्धं."

पाय बरा झाल्यावर ती पुन्हा बोटीवर गेली. टोपली अजून तिचीच आहे, पण तिची स्वतःची जोडी त्यात नसते. ती पायात असते. प्रत्येक बेटावर मामी उतरते, लाईफ जॅकेट घालून, आणि फिरते. मामा टोपी घेऊन झोपत नाही. आरसा त्याने काढून टाकला. झाकण कुणीही लावलं तरी तो शिडीशी येऊन उभा राहतो आणि मामी वर येईपर्यंत इंजिन बंद ठेवतो.

परवा मी गेले होते तेव्हा तळ्याशी फार वेळ झाला. सगळे वर आले होते, उन्हाने वैतागले होते. एकजण म्हणाला, "अहो, टोपली भरली की. आता कुणासाठी थांबलोय?"

मामाने भगदाडाकडे बघतच तिचं नाव सांगितलं.